गाडीखालचा माणूस

आमच्या मिस्त्रींना गाडी चालवता येत नव्हती. हे कळायला मला दोन वर्षं लागली. ज्या माणसाच्या दारात ट्रॅक्टर, जीपा आणि दुधाचे टँकर रांग लावून उभे असतात, त्याला ‘तुम्हाला गाडी येते का हो?’ असं कोण विचारणार? गाडी जरा पुढे घ्यायची झाली किंवा तपासायला चक्कर मारायची झाली, की ते मालकालाच स्टिअरिंगवर बसवत. स्वतः शेजारी बसत, वाकून पायाशी पत्र्यावर तळहात टेकवत आणि डोळे मिटत. “चला,” म्हणत. फर्लांगभर गेलं की “बास.” आम्हाला वाटे, ही त्यांची नाडी बघायची रीत. काही जण घरी जाऊन त्यांची नक्कलही करून बघत. पत्र्याला हात लावून, डोळे मिटून बसत आणि त्यांना काही म्हणजे काही कळत नसे.

त्यांचं गॅरेज माजलगावच्या रस्त्याला, बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या फाटकासमोर होतं. कारखान्याच्या वर्कशॉपात त्यांची उमर गेली. पुढे पाऊस रुसला, ऊस संपला आणि चिमणी थंडावली, तेव्हा त्यांनी फाटकासमोरच चार खांब रोवून वर पत्रे ठोकले. खाली एक खड्डा खणला आणि खड्ड्याशेजारी एक लोखंडी खुर्ची मांडली. खुर्ची गिऱ्हाइकासाठी. “घाई आसंल तर आदी बसा,” हे त्यांचं पहिलं वाक्य असे. ज्याला घाई नसे त्याला ते बसा म्हणतही नसत.

दुसरं वाक्य जास्त जड जाई. “गाडीनं काय केलं ते नगं. तुमी काय केलं ते सांगा.”

लोक चिडत. एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला. मिस्त्रींनी त्याच्या हातात फडकं दिलं आणि म्हणाले, “मंग पुसत बसा. आपोआप चालू व्हतोय का बगू.” तासाभरानं त्या गड्यानं कबूल केलं की डिझेलची टाकी धुवायला म्हणून त्यानं आत साबणाचं पाणी ओतलं होतं.

मला मात्र ते वाक्य पहिल्याच दिवशी आवडलं, कारण माझा धंदाच तो. मी दूध संघाची जनावरांची डॉक्टर. गाय बोलत नाही आणि मालक खरं बोलत नाही. ‘नेहमीचंच खाल्लं बाई’ म्हणणाऱ्या मालकाच्या गाईच्या पोटातून लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात मी या हातांनी काढलेला आहे. तेव्हा मिस्त्री आणि मी, आम्ही एकाच पंथाचे. फक्त एके दिवशी त्यांच्या त्या खुर्चीवर मी बसले आणि मीही खोटं बोलले, ते पुढे येईलच.

आधी माझ्या गाडीविषयी. ती संघाच्या जुन्या चेअरमननी हौसेनं आणलेली, उंच, दणकट आणि बऱ्याच वयाची ऑटोमॅटिक गाडी. तिला क्लच नव्हता, आणि हाच तिचा दोष ठरला. संघाचे ड्रायव्हर सगळे ट्रक-जीपवर मुरलेले. गिअर बदलायचा विचार जरी मनात आला तरी त्यांचा डावा पाय आपला खाली जाऊन जोरात दाबे, आणि तिथं क्लच नसल्यामुळे ब्रेक लागे. तीन ड्रायव्हर झाले. तिसऱ्यानं भर बाजारात चेअरमनसाहेबांचं नाक समोरच्या फळीवर आपटवलं, तेव्हा गाडी शेडमध्ये गेली आणि तिच्यावर धूळ बसली.

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, हातात काठी. जीप मला कधीच चालवता आली नाही. मी त्या शेडमधल्या गाडीत एका दुपारी सहज चढून बसले, किल्ली फिरवली, दांडा ‘डी’वर ओढला आणि गाडी चालायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या डाव्या पायानं माझं एकही काम केलं नव्हतं. त्या दिवशी त्यानं एक केलं, तो गप्प बसला. शेडपासून संघाच्या फाटकापर्यंत जाईस्तोवर मला रडू फुटलं होतं, हे सांगायला मला आता लाज वाटत नाही. त्यानंतर मी कधी कुणाला ‘जरा सोडता का?’ असं विचारलं नाही.

मग दुष्काळ आला. संघानं जनावरांसाठी चारा छावण्या उघडल्या आणि मी सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एका छावणीवरून दुसऱ्या छावणीवर हिंडू लागले. अशात गाडीचं काहीतरी बिनसलं. सकाळी ‘डी’वर टाकली की ती जरा विचार करी आणि मग ढकलल्यासारखी निघे. पुढे पुढे इंजिन नुसतं ओरडे आणि चाकं ढिम्म. एका दुपारी छावणीच्या तोंडाशी तिनं पुढे जायचंच सोडलं. ‘आर’वर टाकली, तर निमूट मागे निघाली.

मिस्त्रींचं गॅरेज तिथून तीन किलोमीटर. ओढून न्यायला ट्रॅक्टर नव्हता. मी मान वळवली आणि निघाले, उलटी.

त्या तीन किलोमीटरांत तालुक्याची जेवढी करमणूक झाली तेवढी त्या वर्षी दुसऱ्या कशानं झाली नसेल. टँकरची वाट बघत घागरी मांडून बसलेल्या बायका उठून उभ्या राहिल्या. एक म्हातारी म्हणाली, “डाक्टरीन कुनावर रुसली गं?” समोरून पाण्याचा टँकर आला. त्याला माझी पाठच दिसत होती, म्हणून तो आपला ‘चला पुढं’ म्हणून हॉर्न वाजवतोय, आणि पाठ काही लांब जाईना, जवळच येत चाललेली. शेवटी तो बिचारा रस्ता सोडून बाभळीत शिरला.

मिस्त्री खड्ड्यातून वर आले. गाडी उलटी येऊन खुर्चीपाशी टेकलेली त्यांनी पाहिली आणि हसले मात्र नाहीत. भोवती जमलेल्या पोरासोरांना म्हणाले, “कावून हासता बे? आली न्हवं?” मग मला म्हणाले, “बसा. तुमी काय केलं?”

“मी काही नाही केलं,” मी म्हणाले.

“पानी कोन्तं घालता हिला?”

“चांगलंच.”

चोराच्या मनात चांदणं. मी उत्तर जरा जास्तच पटकन दिलं. त्यांनी माझ्याकडे एकवार बघितलं, गिअरच्या तेलाची कांडी ओढली आणि मला दाखवली. ते तेल खरं तर लाल असतं, कुंकवाच्या पाण्यासारखं. कांडीवर आलं ते गुलाबी, दाट आणि दुधाळ होतं. लग्नात सरबत म्हणून फिरवतात तसं. त्यांनी ते पेलाभर काढलं आणि जवळच्याच दूध संघाकडे चालू लागले. मी काठी टेकत मागे.

संघात संध्याकाळच्या दुधाची वेळ. शेतकरी किटल्या घेऊन रांगेत उभे, आणि रांगेच्या शेवटी मिस्त्री गुलाबी पेला घेऊन उभे. नंबर आला तेव्हा सॅम्पल घेणाऱ्यानं विचारलं, “हे कुन्या जनावराचं?”

“बाईंच्या,” मिस्त्री म्हणाले. “भेसळ हाय का ते सांग.”

त्या कारकुनाच्या काचेच्या नळ्यांना काही ते कळेना. तेवढ्यात मागच्या खोलीतून तुपाच्या कढईवरच्या मावशी बाहेर आल्या. संघाचं सगळं तूप त्याच कढवत. त्यांनी पेल्याचा वास घेतला, नाक मुरडलं, लोखंडी पळी तापवली आणि तिच्यात चार थेंब टाकले. तड तड तड. थेंब उडाले. तूप कढवताना लोण्यातलं पाणी संपेपर्यंत असंच तडतडतं. तडतड थांबली की तूप झालं.

“लई पानी हाय की ह्यात,” मावशी म्हणाल्या. “ह्याचं तूप व्हायला लई येळ.”

सगळी रांग हसली. रोज दुधातलं पाणी पकडणाऱ्या संघाच्या डॉक्टरणीच्या गाडीत पाणी सापडलं होतं. मी तिथंच कबूल झाले. गाडीच्या रेडिएटरसाठी संघ मला गोड्या पाण्याचा कॅन देई. छावणीत अतिसाराची वासरं होती, त्यांच्या औषधाला बोअरचं खारं पाणी चालत नव्हतं. मी गोडं पाणी वासरांना पाजत होते आणि गाडीत बोअरचं खारं पाणी ओतत होते. यंत्राला काय चव कळते, असा माझा हिशोब. त्या क्षारानं रेडिएटर आतून खाल्ला होता. गिअरचं तेल थंड व्हायला त्याच रेडिएटरमधून फिरतं. भोक पडलं, पाणी तेलात शिरलं आणि गिअरबॉक्समधल्या चकत्या फुगून निसटायला लागल्या.

“वासराला पाजलं ते चुकलं न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “मला सांगितलं न्हाई, ते चुकलं.”

हे सगळं ऐकायला नवे चेअरमन आलेच. भला माणूस, आणि भल्या माणसाची मदत टाळणं फार कठीण असतं. म्हणाले, कशाला त्या ऑटोमॅटिकच्या नादी लागता, साधा क्लचचा गिअरबॉक्स टाका, बाईंना आपण ड्रायव्हर देऊ. ड्रायव्हर मिळेस्तोवर बाईंनी ऑफिसात बसून सॅम्पलं तपासावीत, छावण्या दुसरे डॉक्टर बघतील. ऊन किती आहे.

ड्रायव्हर म्हणजे काय ते मला माहीत होतं. ‘बाई, तिकडं रस्ता नाही. बाई, उशीर झाला. बाई, त्या वासराला उद्या बघू.’ मला वाटलं, मी पुन्हा शेडमध्ये चालले.

मिस्त्रींनी पेला खाली ठेवला. “साहेब, क्लच बसवायचा तर बाईंच्या पायाला आदी इचारलं पायजे,” ते म्हणाले. “मला सोमवारपातुर द्या. सोमवारी गाडी सरळ आली न्हाई, तर तुमच्या मनासारखं करतो.” त्या दिवशी मंगळवार होता.

तसल्या गाड्या जिल्ह्यात दोनच. दुसरी आष्टीकडच्या एका खेड्यात, एका माजी सभापतींच्या वाडग्यात, लिंबाखाली उभी होती. इंजिन जळाल्यापासून ती हललेली नव्हती. सभापतींनी निरोपावर होकार दिला. संघाचा रिकामा टँकर त्या बाजूला जाणार होता, त्यात मिस्त्री, त्यांची हत्यारं आणि मी बसून गेलो. नकार आला तो तिथं गेल्यावर, सभापतींच्या मंडळींकडून. त्यांना सगळा गाव काकी म्हणे.

काकींची कोंबडी ड्रायव्हरच्या सीटवर अंड्यांवर बसलेली होती. पिल्लं निघायला अजून नऊ दिवस होते.

“नऊ दिसांनी या,” काकी म्हणाल्या. “खुडूक कोंबडी एकदा उठली की परत बसंल न्हाई बसंल.”

सोमवार चार दिवसांवर आलेला. मिस्त्री गाडीभोवती एक फेरी मारून आले, खाली निजून पाहिलं, गिअरच्या तेलाची कांडी ओढून पाहिली. तेल लाल, स्वच्छ. “ह्याच्या पोटात पानी न्हाई,” ते मला हळूच म्हणाले. मग काकींसमोर जाऊन उभे राहिले. “काकी, कोंबडी वर हाय. आमचं काम खाली हाय. तिला कळूच दिलं न्हाई, तर?”

काकींनी विचार केला. “हातुडी चालवायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “ती उटली, की पाना खाली ठिवायचा.”

अशा अटीवर गिअरबॉक्स काढणारा मनुष्य मी तरी दुसरा पाहिला नाही. जनावरांची डॉक्टर म्हणून माझी नेमणूक गाडीत, मागच्या सीटवर झाली. कोंबडीवर नजर ठेवायची आणि खाली कळवायचं. काकी दाराशी पाट घेऊन बसल्या. जॅक दाताएवढा वर जाई, मग थांबे. मी म्हणे, “बसली आहे.” मग खालून आवाज येई, “बरं.” पुन्हा दाताएवढा. गंजलेल्या बोल्टला एरवी दोन दणके दिले असते. इथं मिस्त्री त्याला डिझेल पाजत आणि शेजारी आडवे होऊन वाट बघत. एक एक बोल्ट निघाला की तो पुठ्ठ्यावर खोचत. पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढून जिथला बोल्ट तिथंच भोक पाडून खोचायची त्यांची रीत होती. अवघड नावं त्यांना सगळी येत, पण गिऱ्हाइकापुढे ते ती काढत नसत. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधल्या गोल भांड्याला ते भोपळा म्हणत. “भोपळा सुटला,” असा निरोप दुसऱ्या दिवशी दुपारी खालून आला.

शेवटचा बोल्ट निघाला आणि गाडी किंचित हलली. कोंबडी उभी राहिली. मी म्हणाले, “उठली.” खाली पाना मातीवर ठेवल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. काकी अर्ध्या उठलेल्या. मिस्त्रींच्या छातीवर त्या क्षणी गिअरबॉक्स जॅकवर अधांतरी होता, हे मला नंतर कळलं. कोंबडीनं मान वाकवून एक एक अंडं चोचीनं उलटं केलं, पंख झाडले आणि पुन्हा बसली.

“बसली,” मी म्हणाले.

“तिचं बी काम हाय,” खालून मिस्त्री म्हणाले.

गिअरबॉक्स घेऊन आम्ही परतलो आणि रविवारी दिवसभर त्यांनी गॅरेजात बसवाबसव केली. पण आधी रेडिएटर बदलला. “नवी सून आणायची आन् घराला तीच सासू ठिवायची, मंग काय उपेग?” सोमवारी सकाळी दांडा ‘डी’वर ओढला आणि गाडी विचार न करता पुढे निघाली. मी संघाच्या दारात जाऊन उभी राहिले. चेअरमन पायरीवर आले, गाडीच्या तोंडाकडे बघून म्हणाले, “सरळ आली की.” मी त्यांना नमस्कार केला आणि तशीच छावणीकडे गेले. वाटेत घागरीवाल्या बायकांनी मला पुढून येताना पाहिलं आणि त्यांची थोडी निराशाच झाली.

गाडीत आता दोन कॅन होते. मिस्त्रींनी त्यांवर खडूनं लिहिलं होतं, एकावर ‘वासरू’, एकावर ‘गाडी’. दोन्हींत गोडं पाणी.

पंधरा दिवसांनी मी गाडी दाखवायला नेली. माझा पाय त्या दिवशी फार दुखत होता. मी म्हणाले, “मिस्त्री, आज तुम्हीच एक चक्कर मारून आणा.” ते बोल्ट पुसत राहिले. मी पुन्हा म्हणाले. तेव्हा म्हणाले, “मला येत न्हाई.”

मी त्यांच्याच खुर्चीवर बसले. “गाडीचं राहू द्या,” मी म्हणाले. “तुमचं काय झालं ते सांगा.”

तेव्हा त्यांनी सांगितलं. नव्यानं कारखान्यात लागले होते, मिसरूड फुटत होतं. मोठ्या साहेबांची गाडी वर्कशॉपात आली होती. काम झाल्यावर ते नुसते स्टिअरिंग धरून बसले. किल्लीसुद्धा लावली नव्हती. वर्कशॉपच्या मुकादमानं गचांडी धरून खाली ओढलं. सगळ्यांदेखत म्हणाला, खालच्या माणसानं खालीच ऱ्हायचं. “तवापसून वर बसलोच न्हाई. सवय मोडली म्हना.” आणि हसले. मला त्या मुकादमाचा इतका राग आला की तो समोर असता तर मी काठी उगारली असती.

“बसा गाडीत,” मी म्हणाले. “शेजारी बसा, घाबरू नका.”

मी त्यांना माजलगावच्या धरणात नेलं. त्या वर्षी धरणात पाणी नव्हतंच. नजर जाईल तिथवर भेगाळलेली, कडक, सपाट जमीन. आपटायला एक झाड नाही, घाबरायला एक माणूस नाही. दुष्काळानं आम्हाला दिलेली तेवढी एकच चांगली गोष्ट. मधोमध गाडी थांबवून मी उतरले आणि ते वर बसले.

बसल्याबरोबर ते वाकून पत्र्याला हात लावायला लागले. “हात चाकावर,” मी म्हणाले. त्यांनी चाक धरलं. दांडा ‘डी’वर ओढला. गाडी निघाली. निघताना उघड्या दारातून मी त्यांच्या पायाकडे बघत होते. ज्या डाव्या पायानं तीन ड्रायव्हरांची नोकरी घालवली, तो मिस्त्रींचा पाय जागच्या जागी शांत होता. त्याला कुणी काही शिकवलंच नव्हतं. ते गेले, लांब गेले, मोठा वळसा घेऊन आले, माझ्या भोवती एक गोल काढला, मग दुसरा. तिसऱ्या गोलानंतर थांबले, ‘आर’ टाकला आणि उलटे निघाले, मान वळवून, अगदी माझ्यासारखे. मला उभं राहून हसता हसता काठी सांभाळता येईना.

उतरले तेव्हा कपाळावर घाम होता. मला वाटलं, काहीतरी मोठं बोलतील.

“बाई,” ते म्हणाले, “वर बसलं की खालचं कायबी ऐकू येत न्हाई.”

त्यानंतरही त्यांनी गॅरेजात मालकांनाच वर बसवलं. आता मात्र कारण विचारलं की हेच सांगत. काकींकडची पिल्लं सगळी निघाली, एकूण एक, असा संघाच्या टँकरवाल्याकडून निरोप आला, तेव्हा त्यांनी तो गिअरबॉक्सच्या चित्राचा पुठ्ठा भिंतीला टांगून ठेवला.

पुढे धरण भरलं. पाणी बघायला सगळा तालुका बांधावर लोटला, तेव्हा मिस्त्री माझ्या गाडीतून आले होते. शेजारी पाण्याचा तो टँकरवाला होता, बाभळीत शिरलेला. मिस्त्रींनी दूर, पार मधल्या निळ्या पाण्याकडे बोट केलं आणि त्याला म्हणाले, “तितं म्या गाडी चालवलती.”

तो हसू लागला.

“कावून हासतो बे? बाईंना इचार.”

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “हो. आणि डावा पाय अगदी गप्प होता.”